भिंतीत काय घालायचे ते गिलाव्याआधी ठरवा

घर बांधायला काढले की माणूस वाळूचा भाव विचारतो, सिमेंटच्या गोण्या मोजतो, चौकटीला साग घ्यावा की दुसरे काही यावर महिनाभर खल करतो. देवघर कुठल्या कोपऱ्यात, ओट्याचे तोंड कोणत्या दिशेला, यासाठी चार जाणती माणसे बोलावतो. पण वायरिंगचा विषय निघाला की म्हणतो, "ते मिस्त्री बघून घेईल." मिस्त्री बघून घेतोच, पण स्वतःच्या सोयीने. मग पुढची तीस वर्षे आपण त्या घरात एक्स्टेन्शनच्या वायरी ओलांडत हिंडतो.

आमचे नवे घर गेल्या दीड वर्षात उभे राहिले. देवळाली कॅम्प सोडून भगूरकडे निघाले की जी शिवारे लागतात, त्यातच आमची थोडी जमीन आहे. थोडा ऊस, थोडी द्राक्षे, बाकी कांदा. तोफखान्याचा सराव चालू असला की तावदाने थरथरतात, त्याची लहान पोरांनाही सवय आहे. जुने घर मातीच्या भिंतींचे, कौलारू. त्याची मागची भिंत एका पावसाळ्यात फुगली, तेव्हा ठरले की आता डागडुजी पुरे.

थोरला मुलगा पुण्याला कारखान्यात आहे, धाकटा शेती बघतो. थोरला दिवाळीला आला तो एक यादी घेऊनच. दिवे मोबाईलवरून लागणार, पंखा तोंडाने सांगितला की फिरणार, पडदे आपोआप सरकणार, फाटकावर कॅमेरा, आणि हे सगळे त्याला पुण्यात बसून दिसणार. "आबा, आता नव्या घरात सगळीकडे असंच करतात." यादीखालची बेरीज मी वाचली. त्या वर्षीच्या कांद्याच्या सगळ्या पट्ट्या जोडल्या तरी ती भरत नव्हती. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवला.

आईने विचारले, कसला कागद आहे? तिचे वय ८४. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. नातवाने तिला सगळे नीट समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "दिव्याला मी हाका कशाला मारू? रात्री उठले की हाताला बटण सापडलं पाहिजे, एवढं कर बाबा."

आमच्या घरचे वायरिंग या दोघांच्या मधे कुठेतरी बसवायचे होते. ते कसे बसवले ते सांगतो. तुमच्या घराचा स्लॅब पडायचा असेल तर हे आजच वाचा. गिलावा झाला असेल तर वाचून उपयोग थोडा कमी, पण आहे.

सुरुवात मी मोबाईलपासून केली नाही, गोठ्यापासून केली. १९९८ च्या श्रावणात आमच्या जुन्या गोठ्यात दिव्याची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली. पत्रा ओला, पत्र्याला लोखंडी खांब, खांबाला गाय बांधलेली. पहाटे धार काढायला गेलेल्या चुलतीने गाईच्या पाठीला हात लावला मात्र, ती चार हात मागे फेकली गेली. चुलती वाचली, गाय गेली. तिचे वासरू दोन महिन्यांचे होते. त्या दिवशी सगळ्यांना एका गोष्टीचे नवल वाटत राहिले. गोठ्यात गाय मरून पडली होती, पण घरातला फ्यूज गेला नव्हता. दिवा तसाच जळत होता.

हे नवल नाही, मंडळी. फ्यूज काय किंवा आताचा एमसीबी काय, तो वायरीचा राखणदार आहे, माणसाचा नाही. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरच्या वर करंट गेल्याशिवाय तुटत नाही. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून तीस मिलिअँपिअर गेले की धोका सुरू होतो, आणि शंभराच्या आसपास हृदय बंद पडू शकते. म्हणजे फ्यूजला जाग येण्याच्या कितीतरी आधी माणूस गेलेला असतो. जनावर तर माणसापेक्षाही लवकर दगावते. कपडे वाळत घालायच्या तारेत, पत्र्याच्या न्हाणीत, कूलरच्या पत्र्यात करंट उतरून दरवर्षी माणसे जातात, ती याच कारणाने.

माणसाचा राखणदार वेगळा असतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. दुकानात कोणी ईएलसीबीही म्हणतात. त्याचे काम साधे आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो मोजत बसतो. मधेच कुठे माणसाच्या, जनावराच्या किंवा ओल्या भिंतीच्या वाटेने तो जमिनीत गळू लागला, तर हिशेब चुकतो आणि तो क्षणात लाईट तोडतो. घरासाठी तीस मिलिअँपिअरचा घ्यावा. शंभराचा आणि तीनशेचाही मिळतो, पण तो आगीसाठी, माणसासाठी नव्हे. त्यावर 'टी' असे अक्षर लिहिलेले एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचे. दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. आमच्याकडे ते काम सूनबाईने घेतले आहे, पौर्णिमेला दाबते. तिथीशी जोडले की विसरत नाही.

मी थोरल्याला हा सगळा हिशेब मांडून दाखवला आणि पैशाची वाटणी केली. आधी अर्थिंग, आरसीसीबी आणि चांगली तांब्याची वायर. मग भिंतीतले पाईप. त्यातून जे उरेल ते तुझ्या यादीला. तो जरा रुसला. पण गाय गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि त्या वासराला बाटलीने दूध त्यानेच पाजले होते. फार बोलला नाही.

अर्थिंगबद्दल थोडे सांगतो, कारण तिथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. पुष्कळ घरांत तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे मोठे भोक नुसते शोभेला असते, मागे वायरच नसते. काही ठिकाणी हिरवी वायर असते, पण ती भिंतीत खिळ्याला गुंडाळलेली. आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. दारणेच्या काठाला काळी माती खोल आहे, तिथे ओल टिकते आणि अर्थिंग चांगले लागते. कॅम्पच्या बाजूला वर सरकावे तसा मुरूम आणि खाली काळा खडक. कोरड्या मुरमातून वीज नीट उतरत नाही. आमचे घर नेमके मुरमावर आहे. म्हणून न्हाणीचे पाणी जिथे मुरते त्या बाजूला खड्डा घेतला, पण शोषखड्ड्यापासून लांब. आणि एकाऐवजी दोन अर्थिंग करून ती जोडली. त्यावर सिमेंटची छोटी पेटी बांधली, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. मिस्त्रीला म्हटले, यंत्र आणून मोजून दाखव. पाच ओहमच्या आत आले तेव्हा त्याची मजुरी चुकती केली. मोजायचे यंत्र नाही म्हणणारा मिस्त्री असेल तर दुसरा बघा. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे असते, नव्या जोडणीला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो रिपोर्ट नुसत्या सहीचा नसावा, मोजून दिलेला असावा.

आता भिंतींकडे येऊ. वीट उभी राहिली, स्लॅब पडला, चौकटी बसल्या, आणि गिलाव्याला अजून आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी गवंड्याला सुट्टी दिली. तो हसला, पण गेला. मग घरातल्या प्रत्येकाच्या हातात खडू दिला आणि सांगितले, तुला या घरात कुठे काय लागेल ते भिंतीवर लिही.

आईला आधी नेले. तिची खाट जिथे पडणार तिथे विटा मांडल्या, त्यावर ती बसली आणि अंधारात हात कुठे जातो ते मी बघितले. तिथे खूण केली. जमिनीपासून अडीच फूट. मिस्त्री सगळे बोर्ड साडेचार फुटांवर मारतो, पण तो उभ्या माणसाचा हात झाला, खाटेवरच्या माणसाचा नव्हे. सौ.ने स्वयंपाकघरात मिक्सर, फ्रीज आणि घरगुती आटाचक्की अशा तीन जागा लिहिल्या आणि म्हणाली, "ही तिन्ही एका बोर्डावर घालू नका, मागच्या घरात मी रोज एक काढून एक लावत होते." सूनबाईने नातवाच्या अभ्यासाच्या टेबलापाशी लिहिले. धाकट्याने ओटीवर लिहिले, तिथे तो फवारणीचा पंप चार्जिंगला लावतो. थोरल्याने जिन्याखाली एक चौकोन काढून त्यात 'राऊटर' लिहिले. मी गोठ्यात, फाटकाशी आणि गच्चीवर खुणा केल्या. आठ दिवसांत निम्म्या खुणा पुसून दुसरीकडे गेल्या. खडूचे तेच तर सुख. गिलावा झाल्यावर एक खूण हलवायची म्हणजे छिन्नी लागते.

खुणा पक्क्या झाल्यावर मिस्त्रीने झिऱ्या मारल्या. त्याच वेळी चार गोष्टी आम्ही हट्टाने करून घेतल्या, आणि मोबाईलवरचे दिवे तुम्हाला आज नको असले तरी तुम्हीही करून घ्या, कारण उद्या तुमच्या मुलांना लागतील.

पहिली, न्यूट्रल. साध्या बटणाला फक्त फेज लागतो. दिव्याकडे जाणारा फेज बटण तोडते आणि जोडते, न्यूट्रल परस्पर दिव्याला जातो. पण मोबाईलवरून चालणाऱ्या बटणाच्या पोटात एक छोटे यंत्र सदैव जागे असते, त्याला स्वतःला वीज लागते. म्हणून बहुतेक अशा बटणांना बोर्डात न्यूट्रलची वायर लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे ती असतेच. पण जिन्यावरचे आणि खाटेजवळचे एकट्या बटणाचे बोर्ड असतात तिथे मिस्त्री ती नेत नाही. पंचवीस-तीस फूट काळी वायर जास्त लागते, एवढाच खर्च. नंतर करायचे म्हटले तर भिंत फोडावी लागते.

दुसरी, पेटीची खोली. भिंतीत जी लोखंडी पेटी बसवतात ती उथळ घेतली तर साधी बटणे मावतात, यंत्र मावत नाही. मिस्त्री मग वायरी दाबून कोंबतो. दाबलेल्या वायरी तापतात. आम्ही सगळ्या पेट्या खोल घेतल्या.

तिसरी, रिकामे पाईप. मुख्य बोर्डापासून फाटकापर्यंत, गोठ्यापर्यंत, गच्चीपर्यंत आणि जिन्याखालच्या त्या चौकोनापर्यंत एकेक पाईप रिकामा टाकून ठेवला, आत नुसती ओढायची तार. मिस्त्री म्हणाला, "रिकामा पाईप कशाला पुरता?" आज त्यातल्या दोघांत वायर गेली आहे. विजेची वायर आणि इंटरनेटची किंवा कॅमेऱ्याची वायर मात्र एका पाईपात घालू नये.

चौथी गोष्ट इन्व्हर्टरची. लाईट गेल्यावर कोणते दिवे-पंखे चालणार ते आधी ठरवा आणि त्यांची लाईन फेजसकट न्यूट्रलसकट वेगळी ओढा. दोन लाईनींचे न्यूट्रल कुठे एकत्र गाठ मारले, की आरसीसीबीचा हिशेब चुकतो आणि तो उगाच सारखा पडतो. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो आणि सरळ वायर जोडतो. अशी घरे मी पाहिली आहेत. राखणदार भुंकतो म्हणून त्याला हाकलून द्यायचे, अशातला प्रकार.

वायरीचे मापही लक्षात ठेवा, दुकानदार विचारतो. दिवे-पंख्यांना दीडची, मोठ्या सॉकेटला अडीचची, गीझर आणि आटाचक्कीला आपापली वेगळी अडीचची किंवा चारची, आणि मीटरपासून घरात येणारी लोड बघून सहाची किंवा त्याहून जाड. हे आकडे चौरस मिलिमीटरचे. आयएसआयचा शिक्का बघून घ्या. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवे. आमच्या मिस्त्रीकडचा लाल रंग एकदा संपला तेव्हा तो हिरवी वायर फेजला लावू लागला होता. मी थांबवले. आज त्याला ठाऊक आहे हो, पण वीस वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्याला कसे कळणार?

आणखी एक, खेड्यात राहणाऱ्याने विसरू नये असे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला, की एकेका घरात २३० ऐवजी चारशे व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि गल्लीभर टीव्ही-फ्रीज जळतात. दिवे एकदम पांढरे फटफटीत होतात, पंखा भिरभिरतो, तुम्ही पाहिले असेलच. जास्त दाब आला की लाईन तोडणारे यंत्र मुख्य बोर्डात बसते. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा कोसळतात त्यासाठी लाट अडवणारे यंत्रही वेगळे मिळते. साध्या बटणाचे यात काही जात नाही. पण ज्या घरात प्रत्येक बटणात यंत्र आहे त्या घराचे एका रात्रीत किती नुकसान होईल ते बघा. म्हणून हे दोन्ही लावल्याशिवाय थोरल्याच्या यादीला हात लावू दिला नाही.

ज्यांचे घर मातीचे किंवा काळ्या दगडाचे आहे त्यांनी झिऱ्या मारूच नयेत. मी लहानपणी कॅम्पात लॅम रोडवरच्या बंगल्यांत दूध घालायला जात असे. तिथे जुने वायरिंग भिंतीवरून सागवानी पट्टीवर चालवलेले असे, शिवणीसारखे सरळ. आत पुरलेले काही नाही, बिघाड डोळ्यांनी दिसायचा. आता पट्टीच्या जागी प्लॅस्टिकची केसिंग आली आहे, ती वापरावी. एका बंगल्यात जेवणाच्या टेबलाखाली घंटेचे बटण होते. बाई पायाने दाबायची आणि मागच्या खोलीत घंटी वाजून खानसामा हजर व्हायचा. मला ती जादू वाटायची. आजचे 'स्मार्ट' घर म्हणजे त्याचीच पुढची पिढी, खानसामा तेवढा गेला. दिवे दुरून चालवायची कल्पनाही काल-परवाची नव्हे. स्कॉटलंडमधल्या एका कंपनीने १९७५ साली विजेच्या वायरीतूनच निरोप पाठवून दिवे लावायची पद्धत काढली होती, तिला एक्स-टेन म्हणत.

आता यादीतले काय घेतले ते सांगतो. पडदे खोडले. पडदा ओढायला घरात माणसे आहेत. तोंडाने चालणारा पंखाही खोडला. पंखे मात्र नव्या बीएलडीसी मोटरचे घेतले. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, म्हणून बोर्डात त्याची जागाच ठेवली नाही. उलट, मोबाईलवर चालणारे प्रत्येक बटण काही न करता, नुसते जागे राहायला, सुमारे एक वॅट खाऊ शकते. तशी तीस बटणे लावली तर महिन्याला वीस-बावीस युनिट नुसती झोपेत जातात. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. आम्ही तीसऐवजी पाच लावली.

ती पाच कुठे? एक अंगणातल्या दिव्याला. दारणाकाठच्या गावांत २०२० साली बिबट्याचे हल्ले झाले, माणसे दगावली, वनखात्याने पिंजरे लावले. ऊस आमच्या दारापर्यंत आहे. रात्री कुत्रे केकाटले की दार उघडून बघायचे, हे आता परवडत नाही. हा दिवा हालचाल दिसली की आपोआप लागतो, आणि आतूनही लावता येतो. दिव्याने बिबट्या पळतोच असे नाही, मांजर आले तरी तो लागतो. पण दार न उघडता अंगण दिसते, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यात बघता येते. कॅमेऱ्याचे तोंड आपल्याच फाटकाकडे ठेवा. शेजाऱ्याच्या अंगणात नको, आणि छावणीजवळ राहणाऱ्यांनी लष्करी हद्दीच्या दिशेने तर मुळीच नको.

दुसरे टाकीच्या मोटरला. टाकी भरली की बंद होते. तिसरे गीझरला, अर्ध्या तासाने आपोआप बंद. चौथे गोठ्याच्या दिव्याला. आणि पाचवे खरे तर बटण नव्हे. आईच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी चार बारीक दिवे आहेत, ती पाय खाली टाकते तेव्हा ते हळूच लागतात आणि ती परत आडवी झाली की विझतात. एकेक दिवा एक वॅटसुद्धा नाही. म्हातारपणी रात्रीच्या पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि मग माणूस खाटेवरून उठत नाही, हे आमच्या भावकीत दोनदा झाले आहे. साऱ्या घराच्या वायरिंगमध्ये मला विचाराल तर हे चार दिवे सगळ्यात मोलाचे. आई मात्र अजून आधी अडीच फुटांवरचे बटण चाचपते, ते दाबते, मग उठते.

प्रत्येक ठिकाणी साधे बटण ठेवलेच आहे. इंटरनेट गेले, राऊटर बंद पडला, मोबाईल शेतात राहिला, तरी हाताने दिवा लागलाच पाहिजे ही अट. याला कारण आहे. इन्स्टिऑन नावाची अशीच यंत्रे करणारी एक अमेरिकी कंपनी एप्रिल २०२२ मध्ये एकाएकी बंद पडली, आणि तिच्या भरवशावर बांधलेली घरे एका दिवसात आंधळी-बहिरी झाली. पुढे काही गिऱ्हाइकांनीच ती विकत घेऊन चालू केली, पण तसे दरवेळी कोण करणार? त्याच वर्षी बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी मिळून 'मॅटर' नावाची एक सामाईक भाषा ठरवली, म्हणजे एकाचे बटण दुसऱ्याच्या यंत्राशी बोलेल. खरेदी करताना ती खूण बघावी, आणि घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय चालते का ते दुकानातच विचारावे.

शेतातल्या मोटरीबद्दल लिहिले नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. खरे पाहता आपल्याकडे घराआधी विहीर 'स्मार्ट' झाली. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठून, उसातून, बिबट्याच्या भीतीने मोटर चालू करायला जायचे, त्यापेक्षा मोबाईलवरचा स्टार्टर कोणाला नको? धाकट्याने बसवला आहे. फेज गेला किंवा विहिरीचे पाणी तुटले तर मोटर बंद करतो आणि फोन करतो. पण लाईट आली की आपोआप मोटर उचलणारे जे साधे ऑटोस्विच आहेत त्यांचे दुखणे वेगळे. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळतो आणि मग आठ-आठ दिवस सगळे कोरडे. म्हणूनच महावितरण सांगते की ऑटोस्विच वापरू नका आणि कॅपॅसिटर बसवा. आमच्या डीपीवर अकरा जण आहोत. पारावर बसून आम्ही पाळी ठरवली, लाईट आल्यापासून कोणाची मोटर किती मिनिटांनी उठेल ते. दोघे ऐकत नव्हते. त्यांना दुसऱ्या वेळी डीपी जळल्यावर पटले.

गच्चीवर जो रिकामा पाईप नेला आहे तो सोलरसाठी. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरासाठी दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आम्ही कागद केले आहेत. एक गोष्ट लोकांना उशिरा कळते म्हणून लिहितो. लाईनशी जोडलेले साधे सोलर लाईट गेल्यावर चालत नाही, स्वतःहून बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसेच केलेले आहे. लाईट गेल्यावरही हवे असेल तर बॅटरीचे वेगळे घ्यावे लागते. सोलरला आणि वीजरोधकाला अर्थिंगही वेगळे लागते, त्याची जागा खड्डे घेतानाच सोडा.

शेवटी सगळ्यात स्वस्त काम. झिऱ्यांत पाईप बसले, पण गवंडी अजून परतला नव्हता, तेव्हा धाकट्याने प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, भिंतीला टेप लावून, म्हणजे पाईप कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे ते वाचता येईल. थोरल्याने त्यावरून नकाशा काढला. एक प्रत मुख्य बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवली आहे, दुसरी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. परवा सौ.ने देवाचा फोटो लावायला भिंतीत खिळा ठोकायला घेतला, तेव्हा सूनबाईने आधी बोर्डाचे दार उघडले, बोट ठेवून पाहिले आणि म्हणाली, "आत्या, एक वीत डावीकडे घ्या."